जर्मनीला जातोय, दोघांचीही नोकरी : मुलांना कोण सांभाळणार?

ओंजळ

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला सांगायला सोपं जाईल.

आम्ही पुण्यात राहतो, दोघंही आयटीत. नवऱ्याला म्युनिकमधल्या एका कंपनीची ऑफर आली आणि महिन्याभरात मलाही तिथल्याच दुसऱ्या कंपनीची. दोघांनाही १ जानेवारी २०२६ ला रुजू व्हायला सांगितलंय. मुलगा सात वर्षांचा, मुलगी अडीच.

इथे सकाळी धुणीभांडी-केरफरशीला मावशी येतात, संध्याकाळी पोळ्यांच्या काकू. मुलगी दुपारपर्यंत पाळणाघरात, मग सासूबाईंकडे. मुलाला बसथांब्यावरून सासरे आणतात. गेल्या आठवड्यात मावशी चार दिवस गावाला गेल्या होत्या. रात्री अकराला भांडी विसळताना मी मोजलं, आमचं घर सहा माणसं मिळून चालवतात आणि त्यातली दोनच तिकडे चालली आहेत. तेव्हापासून झोप नीट लागत नाहीये.

कंपनीने नेमलेल्या एजन्सीला विचारलं तर "किटाचा (म्हणजे तिकडच्या पाळणाघराचा) हक्क कायद्याने आहे, काळजी करू नका" एवढंच उत्तर आलं. तुम्ही काय केलंत ते सांगाल का? मावशींची पुतणी वीस वर्षांची आहे, ती सोबत यायला तयार आहे. तिला ओ-पेअर, म्हणजे घरात राहून मुलं सांभाळायला मदत करणारी मुलगी, म्हणून नेता येईल का? आई-बाबा किती दिवस राहू शकतात? घरकामाला माणूस मिळतं का?

रानवाट

ओंजळ, अभिनंदन! आम्ही नऊ वर्षं बव्हेरियात आहोत, दोन मुलं इथेच वाढली. बाकीचं नंतर बोलू, आधी एकच गोष्ट सांगते कारण ती अजून तुमच्या हातात आहे : दोघांनी एकाच तारखेला रुजू होऊ नका.

किटा आज मिळाली म्हणून उद्या मुलीला सोडून ऑफिसला जाता येत नाही. आधी आइनगेव्योनुंग असतं, म्हणजे मुलाला रुळवण्याचा काळ. बऱ्याच किटा 'बर्लिन पद्धत' पाळतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबाने मुलासोबत तासभर तिथे बसायचं आणि सोबतच घरी यायचं. बसायचं म्हणजे नुसतं बसायचं, खेळवायचं नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा काही मिनिटं खोलीबाहेर जायचं, जास्तीत जास्त अर्धा तास. तो चौथा दिवस सोमवारी आला तर बाहेर जाणं मंगळवारवर ढकलतात, कारण शनिवार-रविवार घरी राहून मूल पुन्हा बिचकतं. मग रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं. पुढे जेवणापर्यंत, मग दुपारच्या झोपेपर्यंत. कागदावर दोन-तीन आठवडे असले तरी चार ते सहा धरून चाला. मध्ये ताप आला की दोन पावलं मागे.

माझी धाकटी तेव्हा सव्वा वर्षाची होती. चौथ्या दिवशी बाईंनी मला खुणेने बाहेर जायला सांगितलं. मी बुटांच्या फळीजवळ उभी राहून आतला आवाज ऐकत होते. रडली, मग थांबली. दहा मिनिटांनी आत गेले तर ती बाईंच्या मांडीवर बसून लाकडी गाडीचं चाक फिरवत होती. त्या दहा मिनिटांसाठी मी घाई केली नाही, म्हणून पुढची चार वर्षं तिने सकाळी एकदाही पाय मागे घेतला नाही.

हे सगळं करायला एक पालक दिवसा पूर्ण मोकळा हवा. आणि जानेवारी हा किटा मिळण्याचा महिनाच नव्हे. मोठी मुलं सप्टेंबरला शाळेत जातात तेव्हा जागा रिकाम्या होतात, मधल्या काळात क्वचित एखादी. म्युनिकचं किटा-फाइंडर प्लस नावाचं पोर्टल आहे, त्यावर आजच खातं उघडा. पण नुसतं पोर्टलवर विसंबू नका. घराजवळच्या प्रत्येक किटेला मेल टाका, फोन करा, गेल्यावर मुलीला घेऊन प्रत्यक्ष भेटा.

काजवा

एजन्सीने सांगितलं ते खोटं नाही, अर्धं आहे. १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे. पण हक्क आहे म्हणून बाई आणि खोल्या तयार होत नाहीत. लाइपझिगच्या तीन आयांनी जागा न मिळाल्याने बुडालेल्या पगारासाठी खटला भरला होता. जागा वेळेत न देणं हा प्रशासनाचा दोष असेल तर भरपाई मागता येते, असं सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २० ऑक्टोबर २०१६ ला सांगितलं. म्हणून युगेंडाम्टला, म्हणजे मुलांच्या सरकारी कार्यालयाला, "अमुक तारखेपासून इतक्या तासांची जागा हवी" असं लेखी कळवा. किटांचे नकार मेलवर घ्या आणि जपून ठेवा. कोर्टात जावं लागेल असं नाही, पण लेखी मागणी असलेल्या कुटुंबाचा फोन उचलला जातो हा माझा अनुभव.

आम्ही बर्लिनला आहोत. इथली पद्धत वेगळी. आधी किटा-गुटशाइन, म्हणजे किटेच्या जागेचं सरकारी कूपन, काढायचं, ते नऊ महिने आधीपासून मागता येतं. ऑगस्ट २०१८ पासून बर्लिनला किटेची फी नाही, जेवणाचे महिन्याला २३ यूरो द्यायचे. हॅम्बुर्गला दिवसाचे पाच तास फुकट. इतरत्र बऱ्याच ठिकाणी फी आई-बाबांच्या उत्पन्नावर ठरते. त्यामुळे बर्लिनच्या मैत्रिणीचा आकडा ऐकून म्युनिकचं बजेट करू नका.

लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. १ मार्च २०२० पासून गोवराच्या लशीचा पुरावा दिल्याशिवाय किटेत घेत नाहीत. एक वर्षानंतर एक डोस, दोन वर्षांनंतर दोन. शाळेलाही हाच नियम. आपल्याकडे नवव्या आणि सोळाव्या महिन्याच्या सुमारास एमआर (गोवर-रुबेलाची लस) देतात, ती नोंद तारखेसकट वाचता येईल अशी करून घ्या. आमच्या मुलाच्या कार्डावर डॉक्टरांचा शिक्का होता पण तारीख पुसट. पुण्याला फोन करून नवीन दाखला मागवेपर्यंत तीन आठवडे गेले.

उंबरठा

पुतणीबद्दल. ओंजळताई, हा मार्ग बंद आहे, त्या मुलीला आशा लावू नका.

ओ-पेअर ही भाषा आणि संस्कृती शिकायला येणाऱ्या तरुण मुलामुलींसाठीची सोय आहे. त्यांनी आठवड्याला जास्तीत जास्त तीस तास घरात हातभार लावायचा असतो. यजमान घरात जर्मन मातृभाषा हवी. घरात जर्मन बोलतात पण ती मातृभाषा नाही, अशा वेळी आई-वडिलांच्या मूळ देशातली ओ-पेअर चालत नाही. म्हणजे मराठी घरात भारतातून ओ-पेअर आणता येत नाही. आणि घरकामासाठी बाई सोबत न्यायचा व्हिसा आपल्यासारख्या इथल्या कंपनीत नोकरीला येणाऱ्यांना सहसा मिळत नाही.

एका ओळखीच्या कुटुंबाने मुलीला पाहुणी म्हणून आणून घरात कामाला ठेवलं होतं. ती मुलगी तीन महिने घराबाहेर पडायला घाबरायची. मला ते आजही बोचतं. असं कुणी सुचवलं तरी करू नका.

ओंजळ

खूप खूप आभार. पुतणीचा विषय संपला, मावशींना आजच सांगितलं.

तारखेचं रात्री आम्ही दोघं बोललो. नवरा म्हणाला, "तू तीन महिने पुढे ढकल." मला त्याचा राग नाही आला, पण घशाशी काहीतरी अडकलं. दोन्ही बाळंतपणांत मीच थांबले होते. ही नोकरी मला बारा वर्षांच्या कामावर मिळाली आहे. दरवेळी मीच का?

पारवा

हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं झालं. मी बाप आहे, आमच्याकडे मी थांबलो होतो, म्हणून लिहितो.

इथे एल्टर्नत्साइट नावाची पालकत्वाची रजा आहे. आई आणि बाबा दोघांनाही स्वतंत्रपणे, प्रत्येक मुलामागे तीन वर्षांपर्यंत. मूल तीन वर्षांचं व्हायच्या आत घ्यायची तर सात आठवडे आधी कळवावं लागतं. ती मागायला अमुक वर्षं नोकरी झालेली असावी अशी अट नाही. मी रुजू झाल्यावर चौथ्या महिन्यात एक महिना घेतली आणि मुलाचं आइनगेव्योनुंग पूर्ण केलं. त्या काळात पगार मिळत नाही, तेवढी शिल्लक बाजूला ठेवावी लागते. आरोग्य विम्याचं काय होणार हे विमा संस्थेकडून आधीच लेखी घ्या.

भीती मलाही होती, कारण पहिले सहा महिने बहुतेक ठिकाणी प्रोबेत्साइट, म्हणजे चाचणीचा काळ असतो आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. रजेच्या काळात संरक्षण असतं, परत आल्यावर उरलेले दिवस उरतातच. मी मॅनेजरला समोर बसवून सांगितलं. त्याने कॅलेंडर उघडलं आणि "माझ्या मुलीच्या वेळी मी दोन महिने घेतली होती" म्हणाला. सगळेच असे भेटतील असं नाही. पण इथे किटेच्या त्या छोट्या खुर्च्यांवर बाप बसलेले सर्रास दिसतात, आणि तुमच्या नवऱ्याने बसायला काहीच हरकत नाही.

रुजू व्हायच्या आधी तारीख बदलून मागणं मात्र सर्वांत सोपं. ऑफर दिलेली कंपनी तीन महिन्यांसाठी सहसा माणूस सोडत नाही. दोघांनीही विचारून बघा, ज्याची कंपनी हो म्हणेल त्याने थांबायचं.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. इथे आल्या आल्या विमा एजंट भेटतात आणि पगार जास्त असेल तर खाजगी आरोग्य विमा घ्या म्हणतात. लहान मुलं असताना नीट विचार करा. सरकारी विम्यात मुलांचा वेगळा हप्ता सहसा लागत नाही. शिवाय २०२४ पासून मूल आजारी पडलं की प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे वर्षाला पंधरा दिवस घरी राहता येतं आणि विमा संस्था बुडालेल्या निव्वळ पगाराच्या साधारण ९० टक्के देते. मूल बारा वर्षांखालचं हवं आणि तेही सरकारी विम्यात हवं. खाजगी विम्यात ही भरपाई नाही. पहिल्या हिवाळ्यात आमचा मुलगा दर पंधरवड्याला आजारी होता. ताप उतरल्यावरही पूर्ण एक दिवस जाईपर्यंत किटा घेत नाही. ते पंधरा दिवस आम्ही दोघांनी मार्चपर्यंत बरेचसे संपवले होते.

दुपारछाया

आजी-आजोबांविषयी मी सांगते. शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. किमान ३०,००० यूरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. आम्ही माझे आई-बाबा आधी आणि सासू-सासरे नंतर असं आळीपाळीने बोलावलं, त्यामुळे पहिलं अर्धं वर्ष घरात मोठं माणूस होतं. तारखा मोजायला भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा करायचो, कारण येण्याचा दिवसही धरतात आणि जाण्याचाही.

१ मार्च २०२४ पासून ज्या कुशल कामगारांना पहिल्यांदा निवास परवाना मिळतो, त्यांना आई-वडिलांना कायमचं आणायची मुभा कायद्यात आली आहे. पण त्यांच्या खर्चाची आणि आरोग्य विम्याची पूर्ण सोय दाखवावी लागते, आणि त्या वयात विमा मिळणं हीच खरी अडचण. पहिल्या वर्षाच्या योजनेत ते धरू नका.

आणि मनापासून एक विनंती. आई-बाबांना जानेवारीत बोलावू नका. माझी आई पहिल्या वेळी जानेवारीत आली. साडेचारला अंधार, बाहेर बर्फ, शेजारी कुणाशी भाषा नाही. नातवाला सांभाळायची, पोळ्या करायची आणि खिडकीत बसून राहायची. एकदा म्हणाली, "इथे दार वाजतच नाही गं." दुसऱ्यांदा मे महिन्यात आली तेव्हा स्वतः नातवाचा हात धरून बागेत जायला लागली. आजी म्हणून बोलवा, ती आल्यावर जेवढं आपणहून करेल तेवढं करू दे.

काजवा

घरकामाचं राहिलं. रोज येणारी बाई विसरा. आठवड्यातून एकदा तीन तास येणारी मिळते आणि तेवढं पुरतं, कारण भांडी आणि कपडे यंत्र करतं. तिला मिनीजॉबवर, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंत पगार असलेल्या छोट्या नोंदणीकृत नोकरीवर ठेवायचं. हाउसहाल्ट्सशेक नावाचा एकच फॉर्म ऑनलाइन भरायचा, कापायचे पैसे मिनीजॉब-त्सेंट्राले हे सरकारी कार्यालय तुमच्या खात्यातून घेतं. जानेवारी २०२६ पासून मिनीजॉबची मर्यादा महिन्याला ६०३ यूरो आणि किमान वेतन तासाला १३.९० यूरो असेल. म्युनिकला एवढ्यात माणूस मिळणं कठीण, जास्त द्यावे लागतील. मालक म्हणून वर साधारण पंधरा टक्के. खर्चाचा २० टक्के भाग, वर्षाला ५१० यूरोंपर्यंत, थेट करातून वजा होतो.

बरेच जण नोंद न करता रोख देतात. नोंद असली की तिला अपघात विमा मिळतो, आजारपणात पैसे मिळतात, भरपगारी सुट्टी मिळते. आमच्याकडे येणारी बाई एकदा खिडकी पुसताना शिडीवरून पडली, मनगट मोडलं. उपचाराचा सगळा खर्च विम्यातून झाला. नोंद नसती तर मी तिच्या डोळ्यांत बघू शकलो नसतो.

किटेच्या आणि टागेसमुटरच्या बिलांच्या ८० टक्के रक्कमही, मुलामागे ४,८०० यूरोंपर्यंत, २०२५ पासून करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. बिल हवं आणि पैसे बँकेतून दिलेले हवेत.

ओंजळ

टागेसमुटर म्हणजे पाळणाघरवाल्या काकू का?

रानवाट

बरीचशी तशीच, पण परवानाधारक. स्वतःच्या घरात किंवा भाड्याच्या जागेत एका वेळी पाचच मुलं सांभाळू शकते. युगेंडाम्टकडे यादी असते आणि खर्चाला हातभारही तिथूनच. तुमच्या लेकीसाठी मी आधी हेच शोधीन. मध्ये-अधे जागा मिळायची शक्यता किटेपेक्षा जास्त, आणि भाषा न येणाऱ्या मुलीला पाच मुलांतली एक होणं पंचवीसमधली एक होण्यापेक्षा सोपं. तोटा हा की ती आजारी पडली तर काय, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवावं लागतं.

आणि मुलाकडे दुर्लक्ष नको! सगळे किटेच्या मागे लागतात आणि शाळा अकरा-साडेअकरा ते एकच्या दरम्यान सुटते हे आल्यावर कळतं. दुपारसाठी होर्ट (शाळकरी मुलांचं पाळणाघर) किंवा शाळेतलीच मिटाग्सबेट्रॉयुंग (दुपारची देखभाल), त्याची वेगळी नोंदणी, वेगळी यादी. प्राथमिक शाळेच्या मुलांना दिवसभराच्या सोयीचा हक्क २०२६-२७ पासून येतोय, पण पहिल्या वर्षी फक्त पहिलीला. तुमचा मुलगा तेव्हा दुसरीत असेल, त्याला तो लागू नाही. घर ठरवण्याआधी शाळेला फोन करून दुपारची जागा विचारा, कारण शाळा पत्त्यावर ठरते. आम्ही आधी सुंदर घर घेतलं आणि मग वर्षभर मी दुपारी साडेअकराला शाळेच्या फाटकाशी उभी असायचे.

ओंजळ

बऱ्याच महिन्यांनी लिहितेय. आज २३ एप्रिल. तुम्ही सगळ्यांनी एवढं समजून सांगितलंत, तर काय झालं ते सांगायलाच हवं.

दोघांनीही तारीख बदलून मागितली. माझ्या कंपनीने नाही म्हटलं, त्याच्या कंपनीने १ एप्रिल दिली. म्हणजे जानेवारीत मी रुजू झाले आणि तो घरी. सासूबाईंना हे पचायला वेळ लागला, पण आता त्याच फोनवर विचारतात, "आज त्याने काय केलं जेवायला?"

घर शाळेला विचारून घेतलं. मुलाला पहिलीत घेतलं, दुपारची जागा फेब्रुवारीत मिळाली. तोपर्यंत बाबा फाटकाशी.

किटांना सतरा मेल केले, सतरा नकार. ते सगळे युगेंडाम्टला जोडून पाठवले. फेब्रुवारीच्या मध्यात तिथून एका टागेसमुटरचा पत्ता आला. आमच्या घरापासून दोन थांबे. लेकीला पाच आठवडे लागले रुळायला. नवरा रोज कोपऱ्यात बसायचा आणि मला मेसेज करायचा, "आज बारा मिनिटं." "आज चाळीस, रडली नाही." तिसऱ्या आठवड्यात ताप आला आणि पुन्हा दहा मिनिटांपासून सुरुवात. ऑफिसच्या बैठकीत बसून ते मेसेज वाचताना मला कळत होतं की त्या कोपऱ्यात आपण बसलेलो नाही, आणि तरी ती ठीक आहे. हे स्वीकारणं मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप कठीण गेलं.

लेकीच्या अडकवणीवर गोगलगायीचं चित्र आहे, प्रत्येक मुलाला एकेक. आमच्या घरच्या मराठीत पहिला जर्मन शब्द आला तो 'नोखमाल', म्हणजे पुन्हा एकदा. आता झोपताना गोष्ट संपली की "आई, नोखमाल सांग."

घर अजून पसरलेलं असतं. पोळ्या शनिवार-रविवारी, एरवी भात नाहीतर पाव. साफसफाईच्या बाईंची नोंद परवाच केली, त्या दर गुरुवारी येणार आहेत. माझे आई-बाबा मेच्या दहा तारखेला पोचतायत. दुपारछाया, कॅलेंडर भिंतीवर लावलंय, पेन्सिल दोऱ्याने बांधून.

आज सोडायची पाळी त्याची होती, आणायची माझी. साडेतीनला निघायचंय. सकाळी टागेसमुटरचा मेसेज आला होता की काल मुलं चिखलात खेळली, तर पावसाळी विजार धुऊन उद्या परत पाठवा. ती सकाळपर्यंत वाळली पाहिजे, बघते.